नुनाविक : गावोगावचं आरोग्य आणि विमानाची वेळ

पहिला दिवस : डोर्व्हाल, माँट्रियल

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचा ५५व्या अक्षांशाच्या वरचा पट्टा म्हणजे नुनाविक. आकारानं महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट, वस्ती सुमारे चौदा हजार. दहातली नऊ माणसं इनुइत, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. गावं फक्त १४ आणि सगळी पाण्याच्या काठाला : कारभाराच्या सोयीनं सात हडसन बाजूची, सात उंगावा बाजूची. गावांना जोडणारा रस्ता नाही, दक्षिणेकडे उतरणाराही नाही. उन्हाळ्यात मालवाहू जहाज येतं, एरवी सगळं विमानानं.

म्हणून प्रवास सुरू होतो तो माँट्रियल विमानतळाजवळच्या डोर्व्हालमधून. इथं 'उल्लिविक' हे नुनाविकच्या रुग्णांचं निवासस्थान आहे. एमआरआय, कर्करोगाचे उपचार, हृदयाच्या शस्त्रक्रिया, जोखमीची बाळंतपणं, लहान मुलांचे तज्ज्ञ डॉक्टर हे सगळं शहरात असल्यामुळे माणूस इथं उतरतो आणि इथून रुग्णालयात जातो. लहान मुलाबरोबर किंवा वयस्कर माणसाबरोबर एक सोबती येतो, इनुक्टिटुट ही इनुइतांची भाषा बोलणारे दुभाषे मदतीला असतात.

घोटाळा होतो तो वेळेचा. शहरातलं रुग्णालय तारीख देताना विमानाचं वेळापत्रक बघत नाही. गावातून आठवड्याच्या ठरावीक दिवशीच सोयीचं विमान सुटतं, त्यात धुकं किंवा वादळ आलं की तारीख हुकते आणि नवी तारीख महिन्यानंतरची मिळते. पंधरा मिनिटांच्या तपासणीला तीन-चार दिवस जातात. ते सगळं नीट पार पडलं तर. हंगामात शिकारीला गेलेल्या माणसाला निरोपच पोचत नाही आणि त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडतो. या शेऱ्यावरून कुणी रुग्णाला बेफिकीर ठरवलं तर ते सरळ चूक आहे.

कॅनडातल्या इनुइतांचं सरासरी आयुर्मान देशाच्या सरासरीपेक्षा दहाएक वर्षांनी कमी आहे. ही दहा वर्षं नेमकी कुठं गळतात, ते पुढच्या गावांत दिसतं.

दुसरा दिवस : कुउज्जुआक

माँट्रियलहून सुमारे १,४०० किलोमीटर उत्तरेला, कोकसोआक नदीच्या काठी, हे नुनाविकचं सगळ्यात मोठं गाव. इथं अजून झाडं दिसतात, आखूड आणि विरळ. आणखी थोडं वर गेलं की तीही संपतात.

धावपट्टीवर सामान उतरताना लशींचे खोके वेगळे काढले जातात. आपल्याकडे शीतसाखळी म्हटलं की उन्हाची भीती. इथं हिवाळ्यात भीती उलटी : उणे ३० अंशांत खोका अर्धा तास उघड्यावर राहिला तर लस गोठते. २ ते ८ अंश ही मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळायची असते. घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याची लस, हिपॅटायटिस बी यांसारख्या अ‍ॅल्युमिनियमयुक्त लशी एकदा गोठल्या की वितळवूनही निकामी राहतात. बाहेरून बाटली ठीकच दिसते, पण हलवून ठेवली की गाळ गुठळ्यांनी भराभर खाली बसतो. म्हणून खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र ठेवतात, गोठवलेल्या बर्फाच्या लाद्या लशींना थेट लागू देत नाहीत, आणि विमान उतरण्याआधी केंद्राची गाडी पट्टीशी येऊन थांबते.

आरोग्याचा कारभार इथं ज्या पद्धतीनं चालतो त्याचं मूळ ११ नोव्हेंबर १९७५च्या जेम्स बे आणि उत्तर क्यूबेक करारात आहे. जलविद्युत प्रकल्पावरून इनुइत आणि क्री हे मूळ रहिवासी सरकारशी लढले. त्यातून झालेल्या करारानं आरोग्य आणि समाजसेवेचा प्रादेशिक कारभार इथल्या लोकांकडे आणला. आज प्रादेशिक मंडळ कुउज्जुआकमध्ये आहे, आणि त्याच्याखाली दोन मोठी केंद्रं : उंगावा बाजूसाठी इथलं तुलात्ताविक, हडसन बाजूसाठी पुव्हिरनितुकचं इनुलित्सिविक. बाकी गावांत छोटी केंद्रं असतात आणि ती मुख्यतः परिचारिका चालवतात. टाके घालणं, औषध सुरू करणं, रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन करून एअर अँब्युलन्स मागवणं हे सगळं त्यांच्याकडे. बहुतेक जणी दक्षिणेकडून येतात आणि काही आठवडे-महिन्यांच्या पाळीनं बदलतात. रुग्णाला आपली गोष्ट प्रत्येक वेळी नव्या चेहऱ्याला सांगावी लागते. गावातले दुभाषे आणि आरोग्य कार्यकर्ते मात्र तेच राहतात, आणि केंद्राची खरी स्मरणशक्ती त्यांच्याकडेच असते.

कुउज्जुआकमध्येच माकिविक या इनुइत संस्थेचं नुनाविक संशोधन केंद्र आहे. वॉलरस या मोठ्या, सुळेवाल्या समुद्री प्राण्याच्या जिभेची तपासणी इथं होते, आणि आमच्या मते नुनाविकमधली सगळ्यात नेटकी सार्वजनिक आरोग्य योजना हीच आहे. वॉलरसच्या मांसात ट्रायकिनेला हा सूक्ष्म कृमी असू शकतो. उत्तरेकडची जात, ट्रायकिनेला नेटिव्हा, गोठवल्यानं मरत नाही. डुकराच्या मांसाला लागू पडणारा 'काही आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा' हा नियम इथं घातक ठरतो. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस शिजवलं तर कृमी मरतो, पण वॉलरस कच्चा किंवा आंबवून खाण्याची रीत जुनी आणि आवडीची आहे. १९८०च्या दशकात सालुइतमध्ये साथ आली, आणि १९९०च्या दशकात ही तपासणी उभी राहिली.

कृमी सगळ्यात दाट असतो तो जिभेत. म्हणून प्रत्येक जनावराच्या जिभेचा तुकडा पहिल्या विमानानं इथं येतो. तपासणी म्हणजे मांस कृत्रिमरीत्या पचवणं. जगभर वापरली जाणारी प्रमाण पद्धत अशी : चरबी काढून बारीक केलेलं १०० ग्रॅम स्नायू, ४६ ते ४८ अंशांचं २ लिटर पाणी, १० ग्रॅम पेप्सिन आणि २५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल १६ मिलिलिटर. चुंबकीय ढवळणीवर अर्धा तास फिरवायचं, १८० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचं, अर्धा तास निवळू द्यायचं आणि तळचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. स्नायू विरघळतो, अळ्या तशाच राहतात आणि वेटोळं घालून पडलेल्या दिसतात. चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पाणी फार गरम झालं की पेप्सिन मरतं आणि मांस अर्धवट पचतं. आम्ल पेप्सिनच्या आधी पाण्यात गेलं नाही तरी तेच. चाळणीवर खूप चोथा उरला तर निकाल धरायचा नाही, पुन्हा करायचं.

नमुना पोचल्यापासून २४ तासांत निकाल गावाला कळवायचा, हे उद्दिष्ट. दूषित निघालं तर त्या एका जनावराचं मांस नष्ट करतात, बाकीचं वाटलं जातं.

तिसरा दिवस : कुउज्जुआक, घरं आणि पाणी

कायमगोठी जमीन असल्यामुळे नळ आणि गटार पुरता येत नाहीत. प्रत्येक घरात, उबदार खोलीत, दोन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची. एक ट्रक पाणी भरून जातो, दुसरा सांडपाणी ओढून नेतो आणि गावाबाहेरच्या तळ्यात सोडतो. सांडपाण्याची टाकी भरली की तरंगता खटका पाण्याचा पंप बंद करतो, म्हणजे स्वच्छ पाणी शिल्लक असूनही नळ कोरडा. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर सांडपाणी घरात उलटेल.

सात माणसांच्या घरात माणशी रोज ६० लिटर धरले तरी टाकीतले १,००० लिटर अडीच दिवसांत संपतात. वादळात ट्रक दोन दिवस बाहेर पडला नाही, चालक आजारी पडला, किंवा दोनपैकी एक ट्रक सुट्या भागासाठी अडकला, की गाव काटकसरीवर येतं. काटकसरीत पहिला बळी जातो हात धुण्याचा, मग अंघोळीचा, मग कपड्यांचा. तान्ह्या मुलांचे जुलाब आणि त्वचेचे संसर्ग यांची मुळं इथं आहेत.

टाकीची सफाई वर्षातून एकदा तरी हवी. रिकामी करायची, तळाचा गाळ घासून काढायचा, भरायची आणि दर १,००० लिटरला ५ टक्क्यांचं साधं ब्लीच १ लिटर टाकायचं. त्यानं लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरिन होतं. घरातले सगळे नळ वास येईपर्यंत सोडायचे, रात्रभर ठेवायचं, सगळं सोडून द्यायचं, पुन्हा भरायची. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात हे सोडलेलं हजार लिटर जातं सांडपाण्याच्या टाकीत, म्हणजे सफाईसाठी दोन्ही ट्रकांच्या जादा फेऱ्या लागतात. ट्रक रोजच्या फेऱ्यांनाच पुरत नसतील तर सफाई पुढे ढकलली जाते. गावात सफाईची मोहीम घ्यायची तर आधी ट्रकच्या फेऱ्या ठरवाव्या लागतात, पत्रकं त्यानंतर वाटायची.

घरांची टंचाई हा दुसरा धागा. २०२१च्या जनगणनेनुसार कॅनडाच्या इनुइत प्रदेशांतली निम्म्याहून जास्त इनुइत माणसं दाटीच्या घरांत राहतात. घरं थंडीमुळे हवाबंद, त्यात बहुसंख्य प्रौढ धूम्रपान करणारे. आतली हवा बदलण्यासाठी एचआरव्ही नावाचं यंत्र असतं. बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची उष्णता आत येणाऱ्या गार हवेला देणारं. ते चालू असलेल्या घरांत कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मुलांची घरघर कमी होते, हे इनुइत घरांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण जाळी दोन-तीन महिन्यांनी धुतली नाही की हवा अडते. कडक थंडीत गाभ्यात दव गोठतं. ते वितळवायला यंत्र मधूनमधून बाहेरची हवा थांबवतं, तेव्हा आवाज बदलतो आणि लोकांना ते बिघडलं असं वाटतं. गार झोत नेमका पलंगावर येत असेल तर झडपेत उशी कोंबली जाते. घर बांधतानाच झोताची जागा नीट निवडली असती तर उशी कोंबावी लागली नसती. श्वसनाच्या आरएसव्ही विषाणूनं रुग्णालयात जाणाऱ्या तान्ह्यांचं प्रमाण कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी आहे, आणि त्यावरचे इलाज लशींइतकेच सुतारकामात आहेत.

गावात 'इसुआरसिविक' हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे, १९९४पासून. मद्याच्या आणि मानसिक आघातांच्या प्रश्नावर इनुइत पद्धतीनं, इनुइत भाषेत काम करणारं. आत्महत्यांचं प्रमाण या प्रदेशात फार मोठं आहे. उपचारासाठी माणसाला हजार-दीड हजार किलोमीटर दूर, परक्या भाषेत धाडण्यापेक्षा कुटुंबासकट इथंच ठेवण्याचा आग्रह त्यातून आला.

चौथा दिवस : कांगिक्सुआलुज्जुआक

जॉर्ज नदीच्या मुखाजवळचं, हजाराच्या आत वस्तीचं गाव. २०११-१२मध्ये इथं क्षयरोगाची मोठी साथ आली. सुमारे साडेनऊशे माणसांत जवळपास पन्नास जणांचा आजार प्रयोगशाळेत सिद्ध झाला. जंतूंच्या जनुकीय वाचनातून कळलं की ही एका माणसापासून निघालेली एकच साखळी नव्हती, अनेक साखळ्या एकाच वेळी चालू होत्या. त्यात दुवा होता तो तरुण मंडळी जमायच्या ठरावीक घरांचा. बाहेर उणे ३० आणि जमायला दुसरी जागा नाही, तेव्हा पत्ते, गाणी, सिगारेट सगळं एका बंद खोलीत.

यातून संपर्क शोधण्याची पद्धत बदलली. 'तुम्ही कुणाला भेटलात?' या प्रश्नाला नावं गळतात, कधी भीतीनं तर कधी विसरून. 'तुम्ही कुठं कुठं बसता?' या प्रश्नाला घरं मिळतात, आणि घरावरून माणसं.

पुढची पायरी माँटू चाचणी. मराठी वाचकांपैकी अनेकांच्या हातावर ही झालेली असेल. ट्युबरक्युलिन ०.१ मिलिलिटर, म्हणजे ५ युनिट, हाताच्या पुढच्या भागावर त्वचेच्या आतल्या थरात. सुई उथळ गेली तरच ६ ते १० मिलिमीटरचा फोड उठतो. उठला नाही तर दुसऱ्या जागी पुन्हा. वाचन ४८ ते ७२ तासांनी : लाली मोजायची नाही, कडक झालेला भाग बॉलपेननं दोन्ही बाजूंनी हद्द आखून आडवा मोजायचा. निकट संपर्कातल्या माणसाला ५ मिलिमीटरही पुरेसे, इतरांना सहसा १०. इथं गणित विमानाचं असतं. बाहेरून आलेलं पथक सोमवारी टोचून बुधवारी निघून गेलं तर वाचणार कोण? गुरुवारी माणूस नदीवर माशांना गेला तर चाचणी वाया. म्हणून वाचन शिकलेला कुणीतरी गावातच हवा.

बीसीजी झालेल्यांत माँटूचा निकाल फसवा असू शकतो. त्यावर रक्ताची इग्रा चाचणी हा उपाय, पण तिच्या नेहमीच्या नळ्या रक्त काढल्यापासून १६ तासांत उष्मायंत्रात जायला हव्यात. दुपारी रक्त घेतलं आणि संध्याकाळचं विमान रद्द झालं की नळ्या फेकायच्या. उत्तर एकच : रक्त विमानाच्या दिवशी, सुटण्याच्या तासभर आधी घ्यायचं.

आजाराचा संशय असेल तर बेडक्याचे तीन नमुने. बेडका पडत नसेल तर ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात, आणि ते हवा बाहेर फेकणाऱ्या खोलीतच. जंतूंची जनुकं ओळखणाऱ्या जीनएक्स्पर्ट चाचणीचा निकाल यंत्रात घातल्यापासून दोनेक तासांत येतो. जंतूंची वाढ बघणारी चाचणी दक्षिणेकडे जाते आणि सहा आठवड्यांपर्यंत घेते. ज्या गावात एक्स-रे यंत्र किंवा ते चालवणारा तंत्रज्ञ नाही, तिथल्या माणसाला छातीच्या एका फोटोसाठी उडावं लागतं. त्याच विमानात, तोच खोकला घेऊन.

औषधं आपल्याकडचीच : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, एथाम्ब्युटॉल दोन महिने, मग पहिली दोन चार महिने. सुप्त संसर्गाला पूर्वी नऊ महिने रोज आयसोनियाझिड असे, आणि अर्धे लोक वाटेत गळत. आता चार महिने रोज रिफाम्पिसिन, किंवा आठवड्याला एक अशा १२ मात्रा. प्रौढाला एका वेळी ९०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड म्हणजे ३०० च्या तीन गोळ्या, ९०० मिलिग्रॅम रिफापेंटिन म्हणजे १५० च्या सहा, शिवाय बी६ जीवनसत्त्व. मूठभर गोळ्या बघून माणूस बिचकतो, पण बारा वेळा समोर बसून गिळल्या की सुटका. लघवी आणि अश्रू नारिंगी होतात हे आधी सांगितलं नाही तर दुसरी मात्रा कुणी घेत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर या औषधांनी कमी होतो, हेही पहिल्याच दिवशी सांगायचं.

पाचवा दिवस : कांगिक्सुआलुज्जुआक, धुकं

विमान नाही. गावात कुणालाच त्याचं नवल नाही. रेडिओवर तेवढं सांगितलं जातं.

क्षयाची भीती इथं जंतूपुरती नाही. १९५० ते १९६९ दरम्यान 'सी. डी. हाउ' हे सरकारी जहाज उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकच्या गावांना लागायचं. लोकांना जहाजावर चढवून एक्स-रे काढायचे. फुप्फुसात डाग दिसला तर त्या माणसाला परत किनाऱ्यावर उतरू देत नसत. निरोप नाही, कपडे घ्यायला घरी जाणं नाही. आई जहाजावर, मूल किनाऱ्यावर, असं झालं. १९५०च्या दशकाच्या मध्याला दर सातांतला एक इनुइत दक्षिणेकडच्या आरोग्यधामात होता. हॅमिल्टनच्या माउंटन सॅनेटोरियममध्येच बाराशेंहून जास्त इनुइत राहून गेले. नोंदी सरकारनं दिलेल्या बिल्ल्याच्या क्रमांकावर, नावं हवी तशी लिहिलेली. मेलेल्यांना तिथंच पुरलं आणि घरी कळवलंही नाही. ८ मार्च २०१९ला पंतप्रधान जस्टिन त्रुदो यांनी इकालुइतमध्ये माफी मागितली, आणि 'नानिलावुत' प्रकल्पातून कुटुंबांना थडगी शोधून देणं सुरू झालं. आदल्या वर्षी, मार्च २०१८मध्ये, सरकार आणि इनुइतांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०३०पर्यंत क्षयरोग निर्मूलनाचं वचन दिलं होतं.

म्हणून 'तपासणीसाठी माँट्रियलला चला' हे वाक्य सत्तरीतल्या आजीच्या कानाला वेगळं ऐकू येतं. ज्या केंद्रात परतीच्या विमानाची तारीख पहिल्याच वाक्यात सांगतात, तिथं लोक तयार होतात.

उंगावा उपसागराची आणखी एक ओळख म्हणजे बोट्युलिझम, अन्नातल्या जंतूच्या विषानं होणारा लकवा. कॅनडातल्या सगळ्यात जास्त प्रादुर्भावाच्या भागांत हा किनारा येतो. जंतूचा ई प्रकार इथल्या समुद्रकाठच्या गाळात असतो आणि ३-४ अंशांतही वाढतो, म्हणजे साधा फ्रिज त्याला रोखत नाही. सीलचं मांस किंवा चरबी आंबवण्याची जुनी रीत थंड, हवा खेळती ठेवणारी होती. प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची बादली आणि घरातली ऊब आली तेव्हा विष तयार व्हायला हवी तशी जागा मिळाली : ऑक्सिजन नाही, उष्णता आहे. सल्ला म्हणून दिला जातो तो 'खाऊ नका' असा नाही. मिसिराक, म्हणजे सीलच्या चरबीचं तेल, करताना चरबीवर मांस राहू देऊ नका, भांडं थंड जागी ठेवा, झाकण सैल ठेवा, मधूनमधून ढवळा. विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत नष्ट होतं, पण हे पदार्थ उकळून खाण्याचे नव्हेत, त्यामुळे सगळा भर बनवण्याच्या रीतीवर. खाल्ल्यावर तोंडाला कोरड, दोन-दोन दिसणं, पापण्या पडणं, गिळता न येणं, अशा क्रमानं लकवा वरून खाली उतरतो आणि शुद्ध शाबूत असते. दारू प्यायला असेल म्हणून नवख्या परिचारिकेनं झोपायला पाठवलं तर श्वास थांबू शकतो. प्रतिविष निकालाची वाट न बघता द्यायचं असतं आणि सोबत खाणाऱ्या सगळ्यांना शोधायचं.

सहावा दिवस : सालुइत

६२ अंश उत्तर, उंच कड्यांमधल्या खाडीच्या टोकाला वसलेलं गाव. १९९८मध्ये इथं नव्या घरांजवळची गोठलेली जमीन वितळून घसरली आणि घरं हलवावी लागली. जिथं बांधता येईल अशी जमीनच थोडी, तिथं दाटी कशी कमी करायची हा प्रश्न आरोग्य खात्याच्या हातातला नाही.

वॉलरसच्या योजनेचं दुसरं टोक इथं दिसतं. शिकारी शरद ऋतूत बोटींनी सामुद्रधुनीतल्या बेटांकडे जातात. प्रत्येक जनावराला क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक जिभेच्या पिशवीवर आणि त्याच जनावराच्या मांसाच्या प्रत्येक गाठोड्यावर. बोट डुलते आहे, हात गारठलेले, रक्तानं चिकट. चिठ्ठी सुटली की सगळी मेहनत फुकट, कारण दोन जनावरांचं मांस मिसळलं आणि त्यातलं एक दूषित निघालं तर दोन्ही टाकावी लागतात. निकाल गावाच्या एफएमवर इनुक्टिटुटमध्ये जाहीर होतो. तोपर्यंत मांस कुणी वाटत नाही. या संयमामागे पोलीस नाही की दंड नाही. शिकारी गटांनी स्वतः चालवलेली योजना म्हणून ती टिकली आहे. सालुइतच्या साथीतून डॉक्टरही एक गोष्ट शिकले : ज्यांना पूर्वी संसर्ग झालेला आहे त्यांना ताप आणि स्नायूदुखीऐवजी आठवडेच्या आठवडे जुलाब होतात. पुस्तकातली सुजलेली पापणी शोधत बसलं तर निदान हुकतं.

दुकानात टोमॅटो, दूध, सफरचंद सगळं विमानानं आलेलं आणि त्या भावाचं. सरकारी अनुदान आहे, तरी साखरेचं सरबत आणि चिप्स बाजी मारतात. शिकारीचं अन्न पोषणानं कितीतरी सरस : सीलच्या मांसात लोह, बेलुगा या पांढऱ्या देवमाशाच्या कातडीत म्हणजे मक्ताकमध्ये क जीवनसत्त्व, 'आर्क्टिक चार' नावाच्या माशात ड आणि ओमेगा-३. अडचण दूरच्या कारखान्यांतून वाऱ्या-प्रवाहांनी आलेल्या पाऱ्याची. नुनाविकमध्ये पारा मुख्यतः बेलुगाच्या मांसातून येतो, त्याच्या चरबी-कातडीतून कमी. म्हणून गरोदर बायांना सांगायचं ते नेमकं : बेलुगाचं सुकं मांस कमी, 'चार' मासा भरपूर. 'समुद्राचं अन्न जपून खा' असं मोघम सांगितलं की बाई सगळंच सोडून दुकानाकडे वळते आणि रक्तक्षय वाढतो. शिशाच्या छऱ्यांची गोष्ट याउलट सुटसुटीत निघाली. १९९९मध्ये त्यांच्यावर इथं बंदी आली, पोलादी छरे आले आणि लोकांच्या रक्तातलं शिसं ठळकपणे उतरलं.

सातवा दिवस : पुव्हिरनितुक

हडसन किनाऱ्यावरच्या बायांना एके काळी बाळंतपणासाठी आठवडेच्या आठवडे ऑन्टारियोतल्या मूस फॅक्टरी या गावी किंवा माँट्रियलला धाडलं जाई. घरी लहान मुलं, तिथं परकी भाषा, परकं जेवण, एकटी वेण. १९८६मध्ये गावातल्या बायांच्या आग्रहानं इथं प्रसूतिगृह सुरू झालं, आणि इनुइत सुइणी इथंच, काम करता करता, शिकून तयार झाल्या. पुढे १९९८ला इनुकजुआक, २००४ला सालुइत.

शस्त्रक्रियेची सोय इथं नाही. सिझेरियन लागलं तर विमानानं माँट्रियल, हवा चांगली असली तरी कित्येक तास. हे माहीत असूनही ही सेवा सुरक्षित राहिली. २००० ते २००७ या काळातल्या १,३७२ बाळंतपणांच्या अभ्यासात ८६ टक्के नुनाविकमध्येच झाली होती. हे कसं जमतं ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक गरोदर बाईची माहिती ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास समितीपुढे येते. सुइणी, डॉक्टर, परिचारिका एकत्र बसतात, पण बैठक सुइणी चालवतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाची स्थिती, आधीची बाळंतपणं बघतात, आणि पाठवण्यानं होणारं नुकसानही त्याच तराजूत घालतात. आधीचं सिझेरियन, जुळी, पायाळू, वाढलेला रक्तदाब यांना वेळेवर दक्षिणेकडे. बाकीच्यांना इथं.

विमान येणारच नाही असं धरून तयारी असते. रक्तस्राव आवरण्यासाठी बाळ बाहेर येताच मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. रक्त मोजून बघायचं, अंदाजानं नाही, कारण डोळा नेहमी कमी धरतो. ५०० मिलिलिटरच्या पुढे गेलं की गर्भाशय चोळणं, मूत्राशय रिकामं करणं, दुसरी शीर उघडणं, मिसोप्रोस्टॉल, आणि त्याच वेळी माँट्रियलला फोन. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट मोजून भरलेलं तयार.

आठवा दिवस : पुव्हिरनितुक

बाळंतपणानंतरच्या भेटींत दोन सल्ले खास इथले. पहिला ड जीवनसत्त्वाचा : अंगावर पिणाऱ्या बाळाला सहसा रोज ४०० युनिट देतात, पण ५५ अंशांच्या उत्तरेला हिवाळ्यात ८०० युनिट द्यावेत अशी कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. थेंबांची बाटली बदलली की एका थेंबात किती युनिट हेही बदलतं, म्हणून बाटली हातात घेऊनच दाखवायचं.

दुसरा उपाशी न ठेवण्याचा. अलास्का ते ग्रीनलंड इनुइतांमध्ये सीपीटी१ए या जनुकाचा एक प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. चरबीवर जगणाऱ्या लोकांत तो हजारो वर्षं टिकून आहे, आणि एरवी त्याचा त्रास नाही. पण तान्हं बाळ उलटी-जुलाबानं तासन्‌तास उपाशी राहिलं तर शरीर चरबीतून पुरेशी ऊर्जा काढू शकत नाही आणि रक्तातली साखर घसरू शकते. म्हणून आजारी बाळाला रात्रीही उठवून पाजायचं. पिईनासं झालं, मलूल पडलं, की सकाळची वाट न बघता केंद्रात आणायचं, आणि केंद्रात पहिलं काम टाचेतून थेंब काढून साखर बघणं. सलाइन लावायचं तर ग्लुकोज असलेलं. शस्त्रक्रियेसाठी दक्षिणेकडे पाठवताना 'रात्री बारानंतर काही देऊ नका' ही नेहमीची सूचना इथल्या बाळाला धोक्याची ठरू शकते, म्हणून पाठवण्याच्या कागदावर ती गोष्ट वरच, मोठ्या अक्षरांत लिहायची. प्रवास लांबला, मधल्या थांब्यावर धुकं लागलं, तर सोबतच्या आईकडे दूध किंवा ग्लुकोजचं पाणी आहे ना, हे विमानात चढवणाऱ्यानं बघायचं.